नाव विसरले तरी माणूस कळतो



गेल्या काही महिन्यांत एकच वाक्य मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकले. "आता ती आपल्याला ओळखतसुद्धा नाही, मग जाऊन काय उपयोग?" बोलणारी माणसे मनाने वाईट नव्हती. चाळीस-चाळीस वर्षांची मैत्री होती. पण आपले गुडघे दुखतात, दोन बस बदलाव्या लागतात, उन्हातून चालावे लागते, आणि एवढे करून पोहोचल्यावर मैत्रीण तोंडाकडे बघत विचारते, "तुम्ही कोण?" कुणाचेही मन खट्टू होईल. मग एक फेरी चुकते, दुसरी चुकते, आणि पुढे फक्त तिच्या मुलीला फोन करून "कशी आहे?" एवढेच विचारणे उरते.

"काय उपयोग" या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी आणि संशोधकांनी शोधलेले आहे. ते समजायला आधी एक वेगळी गोष्ट पाहावी लागते. कोण आपला, कोण परका, कुणाशी मैत्री करावी, कुणापासून चार हात दूर राहावे, हे माणूस शिकतो कसे? शाळेत तर कुणी शिकवत नाही.

आरोग्याच्या सदरात मैत्री कशाला, असे वाटेल. साखर, रक्तदाब आणि गुडघे यांवर मी पुष्कळ लिहिते, पण मैत्रीही त्याच यादीत बसते. अमेरिकेतील ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत एकूण तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मी वॉर्डात काम केलेली बाई आहे. भेटीच्या वेळी ज्याच्या खाटेशी कुणीतरी बसलेले असते तो रुग्ण जेवतो, औषध मागून घेतो, उठून चालायचा प्रयत्न करतो. ज्याच्याकडे कुणी येत नाही तो भिंतीकडे तोंड करून पडतो. हे पाहायला मला कुठल्या अभ्यासाची गरज पडली नाही.

आता माणूस ओळखण्याबद्दल. पहिली खूण आपण चेहऱ्यावरून घेतो, आणि फार घाईने घेतो. प्रिन्स्टन विद्यापीठात जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २००६ मध्ये दाखवले की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग एवढाच दिसला तरी हा विश्वासाचा की नाही, याबद्दल मन आपला कौल देऊन मोकळे होते. अधिक वेळ दिला तर त्या कौलावरची खात्री वाढते, कौल फारसा बदलत नाही. म्हणजे पापणी लवते न लवते तोच आपण माणूस "पसंत" केलेला असतो. हा कौल बरोबरच असतो असे मात्र नाही.

आपल्या वयात यात आणखी एक भर पडते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८४ वयाच्या माणसांना आणि तरुणांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वासाचे वाटणारे आणि साधे चेहरे दोन्ही वयांच्या लोकांनी सारखेच ओळखले. लबाड वाटावेत असे चेहरे मात्र वडीलधाऱ्यांना तरुणांपेक्षा जास्त भरवशाचे वाटले. मेंदूत इन्सुला नावाचा एक भाग आहे. "काहीतरी खटकतंय" अशी जी पोटात कालवाकालव होते, तिचा निरोप मनापर्यंत पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे असते. असे चेहरे पाहताना तो भाग तरुणांमध्ये चांगला जागा झाला, वडीलधाऱ्यांमध्ये मंदच राहिला.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नये. कान मंदावले की आपण यंत्र लावतो, डोळे मंदावले की चष्मा लावतो. इथेही तसेच. दारात आलेला गोड चेहऱ्याचा तरुण, फोनवर "आजी, मी बँकेतून बोलतोय" म्हणणारा आवाज, बाकावर शेजारी बसून पहिल्याच दिवशी तुमच्या पेन्शनची चौकशी करणारी बाई, यांच्या बाबतीत पहिल्या भेटीच्या कौलावर काहीही द्यायचे नाही, कशावरही सही करायची नाही. "उद्या मुलाला विचारून सांगते" एवढे वाक्य पुरते. खरा माणूस उद्यापर्यंत थांबतो.

चेहरा फसवतो तर मग भरवसा कशाचा? अनुभवाचा. आणि अनुभवाची वही आपले मन मोठ्या काटेकोरपणे लिहिते. न्यूयॉर्क विद्यापीठात लिऑर हॅकेल, ब्रॅडली डॉल आणि डेव्हिड अमोडियो यांनी एक खेळ रचला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. खेळणाऱ्याला निरनिराळे साथीदार आपल्याजवळच्या गुणांतले काही गुण देत. काहींजवळ भरपूर होते आणि ते त्यातला लहानसा भाग देत. काहींजवळ थोडेच होते, पण त्यातला मोठा भाग देत. माणसांच्या मेंदूने दोन्ही गोष्टी टिपल्या, हाती किती आले हेही आणि देणाऱ्याने आपल्या जवळचे किती दिले हेही. पण पुढे एका कामासाठी साथीदार निवडायला सांगितले तेव्हा लोकांनी हाती आलेल्या रकमेपेक्षा देणाऱ्याच्या दिलदारपणाला जास्त वजन दिले.

मी हे वाचले तेव्हा मला माझ्या सासूबाईंचा नारळ आठवला. १९६० च्या दशकात त्या दिमोनाला राहायला आल्या तेव्हा नारळ सहजी मिळत नसे. नवसाच्या मलिद्यासाठी मुंबईहून आणलेले पोहे होते, साखर होती, वेलची होती, खोबरे नव्हते. एका ओळखीच्या बाईंकडे बोटीने पार्सल आलेले, त्यात दहा नारळ. त्यांनी दोन दिले, आणि दिले ते चारचौघींत, मोजून, "आमच्याकडचे दोन" असे दोनदा सांगून. दुसऱ्या एक विधवा बाई होत्या. त्यांच्याकडे खोबऱ्याची एकच सुकी वाटी होती. तिचे त्यांनी पाट्यावर दोन तुकडे केले आणि एक पदराखाली झाकून आणून दिला. बाजारभावाने पाहिले तर दोन नारळ हे त्या तुकड्याच्या आठपट. पण पहिल्या बाईंनी आपल्याजवळचा पाचवा हिस्सा दिला होता, दुसरीने निम्मा. सासूबाई कधी कुणाबद्दल बोलायच्या नाहीत. पुढे त्यांचे ऑपरेशन ठरले तेव्हा घराची किल्ली कुणाकडे ठेवायची, हे त्यांना क्षणभरही ठरवावे लागले नाही. त्या विधवा बाईंना निरोप गेला.

या वहीत एक दोषही आहे, तो सांगायला हवा. मेंदू सर्वांत चटकन शिकतो तो अनपेक्षित गोष्टीतून. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांत दाखवले की फळांचा रस अचानक मिळाला की डोपामिन बनवणाऱ्या पेशी जोराने चेततात. मात्र दिवा लागला की रस येणारच, हे एकदा माकडाला पाठ झाले की रस मिळताना त्या पेशी चेतत नाहीत. माणसांतही मला हेच दिसते. कॅनडाहून दोन वर्षांनी आलेला भाचा सेंटचा डबा देतो, त्याचे कौतुक आठवडाभर चालते. समोरच्या दारातली बाई रोज सकाळी आपली खिडकी उघडली की नाही ते पाहते, न उघडली तर बेल वाजवते. तिचे आपण नावही काढत नाही. वहीत तिची नोंद जुनी झालेली असते. कधीतरी ती जुनी पाने मुद्दाम उलटून पाहावीत.

समोरच्या दारावरून आठवले. मैत्री बरीचशी जिन्यावर होते. १९५० साली लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावर अगदी शेजारचे घर असेल तर ४१ टक्के लोकांनी त्या शेजाऱ्याला जवळचा मित्र म्हटले. चार घरे पलीकडे गेले की हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. आपल्यापैकी जे शिकूनमध्ये राहिले त्यांना हे काही नवे नाही. मोरोक्कोची शेजारीण, रुमानियाचा वरच्या मजल्यावरचा, आणि आपण रेवदंडा-अलिबागचे. कुणाचे हिब्रू धड नाही. पण जिन्यात रोज समोरासमोर येणे, पिशवी हातातून घेणे, मूल पाच मिनिटे सांभाळणे, यांतून ही बाई कशी आहे ते बोलता न येताही कळत गेले. उलट फक्त मराठी बोलतो म्हणून ज्याला जवळचा मानला, तो जवळचा निघालाच असे नाही. भाषा दार उघडते. आत कोण आहे ते रोजच्या वागण्यातून कळते.

वेळ मात्र लागतो. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तासांचा अंदाज मांडला: नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९०, आणि जिवाभावाची व्हायला २०० पेक्षा जास्त. अगदी घड्याळ लावून बसू नका, पण हिशेब करून पाहा. मोअदोनमध्ये आठवड्याला दोन तास एकाच टेबलाशी बसलात तर ५० तासांना सहा महिने लागतात. तीन वेळा जाऊन "तिथे आपले कुणी नाही" म्हणणाऱ्यांनी फक्त सहाच तास दिलेले असतात. नवरा किंवा बायको गेल्यानंतर नव्या मैत्रीची खरी गरज असते, आणि नेमक्या त्याच वेळी माणसे सहा तासांत कंटाळून घरी बसतात. मला हे फार घातक वाटते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. मनाची ही वही आठवणीच्या कपाटात ठेवलेली असते का? आठवण गेली की वहीही जाते का?

१९११ साली जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी एक प्रसंग लिहून ठेवला. त्यांच्या एका रुग्ण बाईला नवे काहीच लक्षात राहत नसे. रोज भेटणाऱ्या डॉक्टरलाही ती रोज नव्याने भेटे. एकदा त्यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. टोचले, ती कळवळली, आणि थोड्याच वेळात सारे विसरली. पुढे त्यांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. आजच्या काळात असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून कळले ते मोठे होते.

त्यानंतर आयोवा विद्यापीठातील अंतोनियो दमासियो आणि डॅनियल ट्रॅनेल यांनी अशाच एका रुग्णाचा नीट अभ्यास केला, तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. दमासियो यांनी आपल्या पुस्तकात त्याला डेव्हिड म्हटले आहे. वयाच्या ४६ व्या वर्षी मेंदूज्वराने त्याच्या मेंदूचा मोठा भाग निकामी केला. नवी कुठलीही गोष्ट त्याला शिकता येत नसे, नवा चेहरा ओळखता येत नसे. तरीही तो जिथे राहत होता तिथे एक गोष्ट दिसून आली. सिगारेट किंवा कॉफी हवी असली की तो ठराविक माणसांकडेच जाई आणि काहींना टाळी. कुणाचेही नाव त्याला माहीत नव्हते.

मग त्यांनी असे केले. काही दिवस तीन माणसे डेव्हिडला आळीपाळीने भेटत राहिली. एक नेहमी प्रेमाने वागे आणि मागेल ते देई. दुसरा कामापुरते वागे. तिसरी व्यक्ती रुक्षपणे बोले, कंटाळवाणे काम करायला लावी आणि मागितलेल्या प्रत्येक गोष्टीला नकार देई. ही तिसरी व्यक्ती म्हणजे एक देखणी, तरुण बाई होती. नंतर डेव्हिडला फोटो दाखवून विचारले, "मदत लागली तर यातल्या कुणाकडे जाशील? तुझा मित्र कोण?" त्याला त्या फोटोंतले कुणी कधी भेटल्याचेही आठवत नव्हते. तरी ८० टक्क्यांहून अधिक वेळा त्याने प्रेमाने वागणाऱ्यावर बोट ठेवले. रुक्ष वागणाऱ्या देखण्या बाईला त्याने जवळजवळ कधीच निवडले नाही. म्हणजे पहिल्या भेटीत सेकंदाच्या दहाव्या भागात चेहरा जो कौल मिळवतो, तोसुद्धा इथे अनुभवापुढे टिकला नाही.

अल्झायमरच्या रुग्णांबद्दल त्याच विद्यापीठातून २०१४ मध्ये आणखी एक अभ्यास आला. १७ रुग्णांना आनंदाचे आणि दुःखाचे चित्रपटांतले तुकडे दाखवले. थोड्या वेळात त्यांना काय पाहिले ते फारसे आठवेना. पण मनात उमटलेला आनंद किंवा दुःख अर्ध्या तासापर्यंत टिकून राहिले. ज्यांना कमी आठवत होते, त्यांचे दुःख तर जास्त वेळ टिकले. आता विचार करा. तुम्ही गेलात, हात धरून बसलात, जुने गाणे म्हटलेत. तुम्ही दाराबाहेर पडताच ती तुम्ही आल्याचे विसरेल. पण नंतर ती शांतपणे जेवेल, मुलीवर ओरडणार नाही, आणि मुलीला वाटेल आज औषध चांगले लागू पडले.

यातून घरच्यांसाठीही एक सूचना निघते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मेतापेलेत असते, कुणी फिलिपिन्सची, कुणी नेपाळची, कुणी भारतातली. बहुतेक जणी जीव लावून काम करतात. पण विसरणारी आई एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या हाताखाली अंग आखडून घेत असेल, ती खोलीत आली की गप्प होत असेल, तर "तिला काय कळतंय" म्हणून ते सोडून देऊ नका. आधी साधी कारणे पाहा. आंघोळीचे पाणी गार आहे का, खांदा दुखतो का, उचलताना काखेत ओढ बसते का, कुठे जखम झाली आहे का. त्यातून उलगडा झाला नाही तर वेळ न सांगता घरी जाऊन पाहा, आणि कुपत होलिमच्या नर्सशी किंवा सोशल वर्करशी बोला. विसरभोळ्या माणसाचे अंग खोटे बोलत नाही, हे मी वॉर्डात शिकले. उलट एखाद्या मेतापेलेतला पाहून आईचा चेहरा उजळत असेल, तर ती मुलगी टिकावी म्हणून घरच्यांनी चार गोष्टी सोसाव्यात. त्यांना पगार वेळेवर द्यावा, सुट्टी पूर्ण द्यावी.

भाषेचेही असेच. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. पन्नास वर्षे हिब्रूत कामकाज केलेली बाई अचानक मराठीत पाणी मागू लागते आणि नातवंडांना वाटते की आजी बडबडते आहे. अशा घरात मराठी बोलणाऱ्या जुन्या मैत्रिणीची किंमत औषधाइतकी असते. कारण आजी काय मागते ते घरात फक्त तिलाच कळते.

भेटायला जाल तेव्हा थोडे सांभाळायचे. "सांग पाहू, मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नये. आठवले नाही तर ती बिचारी ओशाळते, आणि आताच पाहिले तसे ओशाळलेपण मागे उरते. आपणच समोरून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून आपले नाव सांगावे, "मी अमुक, तुझी मैत्रीण, आपण एकत्र मलिदा करायचो." पुन्हा विचारले तर पुन्हा सांगावे. चूक दुरुस्त करू नये. तिने तुम्हाला बहीण म्हटले तर बहीण. शक्यतो सकाळी जावे, कारण संध्याकाळी यातल्या बऱ्याच रुग्णांची चलबिचल वाढते. वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. टीव्ही बंद करावा. लहानपणच्या कीर्तनातली चाल किंवा एलियाहू हन्नाबीचे गाणे गुणगुणावे. ज्यांना वाक्य जुळवता येत नाही त्यांचेही ओठ पुष्कळदा शब्दांबरोबर हलतात. तसेच दर वेळी एकच ओढणी घ्यावी. 

जाताना खाऊ न्यायचा आपला रिवाज आहे आणि तो चांगला आहे. फक्त या दुखण्यात गिळायला त्रास होऊ लागतो, हे ध्यानात असू द्या. सणाचा चिकाचा हलवा चिकट असतो, घशात अडकू शकतो, शिवाय साखर. मलिद्यातले कोरडे पोहेही ठसका लावतात. काय चालेल ते निघण्याआधी तिच्या मुलीला किंवा मेतापेलेतला फोन करून विचारावे. बहुतेक घरी मऊ केळे किंवा दाटसर दही चालते. मात्र रुग्ण खाटेवर पडलेला असताना भरवू नये. आधी पाठीशी उशा देऊन सरळ बसवावे, आणि खाऊन झाल्यावरही अर्धा तास तसेच बसू द्यावे.